विश्वकर्म्याच्या राजधानीत एक दिवस

ज्या गावात वर्षाचे दहा-अकरा महिने गणपती घडतात आणि भाद्रपद उजाडण्यापूर्वी ते सारे टेंपोत, ट्रकांत आणि जहाजांच्या कंटेनरांत चढून परमुलखात निघून जातात, त्या गावात वाढलेल्या माणसाची दृष्टी कोणत्याही देशात गेली तरी प्रथम मूर्तीवर जाऊन स्थिरावते. पेण तालुक्यातील जोहे हे माझे गाव. जोहे, हमरापूर, कळवे, तांबडशेत या खारेपाटाच्या कडेच्या गावांतून आज गणेशमूर्तींचे शेकडो कारखाने आहेत. पेण शहरात प्रथम नावारूपाला आलेली ही कला या भातशेतीच्या मुलखात उतरली आणि अशी रुजली की, साचा भरणारा, जोड पुसून अंग गुळगुळीत करणारा, पीतांबराला रंग देणारा आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी करणारा अशी कामाची वाटणी येथे घराघरांतून दिसते, आणि त्यात पुरुषांइतकाच, कित्येकदा अधिक, वाटा बायकांचा असतो. तेव्हा ज्या देशाच्या सरकारी कलाखात्याच्या मुद्रेवर साक्षात गणपती विराजमान आहे, त्या देशाची राजधानी एकदा डोळ्यांखालून घालावी, ही इच्छा माझ्या मनात फार दिवस होती. कामानिमित्त पूर्वेकडे जाणे झाले, तेव्हा परतीच्या वाटेवर बँकॉकात पहाटे उतरायचे आणि मध्यरात्रीचे विमान पकडायचे, एवढी सवड काढता आली. सोबत पुतण्या होता. तो स्वतः आखणीच्या कामात तरबेज असल्याने माझ्या दोन डोळ्यांना आणखी दोन डोळ्यांची जोड मिळाली.

बँकॉक हे नाव परकीयांच्या तोंडचे. थाई लोक आपल्या राजधानीला क्रुंग थेप म्हणतात, आणि तिचे जे संपूर्ण राजमान्य नाव आहे, ते जगातील नगरांच्या नावांत बहुधा सर्वांत लांब असून त्याच्या अखेरीस ही नगरी इंद्राच्या आज्ञेवरून विश्वकर्म्याने उभारली असे स्पष्ट नमूद आहे. इतिहासाचा हिशेब अर्थातच निराळा आहे. ब्रह्मी फौजांनी १७६७ साली अयुथ्थया ही जुनी राजधानी जाळून उद्ध्वस्त केल्यानंतर काही वर्षे दरबार चाओ फ्राया नदीच्या पश्चिम तीरावर थोनबुरी येथे होता; १७८२ साली चक्री घराण्याचा पहिला राजा गादीवर आला आणि संरक्षणाचा विचार करून त्याने राजधानी पलीकडच्या, पूर्वेच्या काठावर नेली. नदीने तीन बाजूंनी वळसा घातलेली ती दलदलीची जमीन होती. तिच्यात कालवे खणून, भर घालून, तट बांधून नगर वसवले गेले. समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मीटर उंचीची, चिकणमातीची ही भूमी पाहताना खारेपाटातल्या माणसाला परकेपणा वाटत नाही. भरतीच्या पाण्याशी बांध घालून भांडत जगणे म्हणजे काय, हे आम्हांस कोणी समजावून सांगावे लागत नाही.

राजवाड्याची कवाडे सकाळी साडेआठला उघडतात आणि त्या वेळेस तेथे हजर असणे हाच दिवस साधण्याचा एकमेव मार्ग आहे, कारण दहा वाजल्यानंतर गर्दी आणि ऊन अशी वाढतात की पाहण्यापेक्षा सोसणेच अधिक घडते. गुडघे व खांदे झाकले जातील असा पोशाख असल्यावाचून पहारेकरी आत सोडीत नाहीत, आणि हा दंडक मला योग्यच वाटला. राजवाड्याच्या आवारातच वात फ्रा केओ हे मंदिर आहे, आणि त्याच्या गर्भगृहात उंच सिंहासनावर, पाहणाराची मान पुरती वर जाईल इतक्या उंचीवर, हिरव्या पाषाणाची ती बुद्धमूर्ती विराजमान आहे, जिला सारा देश आपली रक्षक देवता मानतो. मूर्ती अवघी ६६ सेंटिमीटर उंचीची. आमच्याकडच्या हिशेबाने ती घरगुती गणपतीहून फार मोठी म्हणता येणार नाही. पण तिच्यापायी राज्ये एकमेकांशी लढली आहेत. बखरींत असे सांगितले आहे की, १४३४ साली उत्तरेकडील चिआंग राय येथे एका स्तूपावर वीज पडली, आतून चुन्याचा लेप दिलेली एक सामान्य दिसणारी मूर्ती निघाली, आणि पुढे तिच्या नाकावरचा लेप उडाला तेव्हा खालचा हिरवा पाषाण लोकांच्या दृष्टीस पडला. तेथून ती लाम्पांग, चिआंग माय, लुआंग प्रबांग असा प्रवास करीत लाओसमधील व्हिएन्तियान येथे पोचली, तेथे दोनशेंहून अधिक वर्षे राहिली, आणि १७७९ साली सयामी सेनापतीने ते शहर जिंकून तिला परत आणले. हाच सेनापती पुढे चक्री घराण्याचा पहिला राजा झाला. वर्षातून तीनदा, उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा यांच्या आरंभी, या मूर्तीचा सुवर्णवेष बदलतो, आणि हे काम राजाने स्वहस्ते करावयाचे असा रिवाज आहे. पहिल्या राजाने दोन ऋतूंचे वेष करविले, हिवाळ्याचा तिसऱ्या राजाने. कुंचल्याने पीतांबराची चुणी उमटवण्यात ज्यांचे आयुष्य जाते, त्या आम्हां दोघांना हे ऐकून काय वाटले असेल, ते आमच्या धंद्यातला माणूस ताबडतोब ओळखील.

मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर रामकथा चितारली आहे. थाई लोक तिला रामकिएन म्हणतात. एकूण १७८ चित्रांची ही मालिका आहे. दमट हवेने रंग खराब होतात म्हणून ती वारंवार नव्याने रंगविली गेली आहे, आणि त्या दिवशीही एका कोपऱ्यात मचाण बांधलेले होते. सोनेरी वर्खाने उजळलेले मुकुट, शुभ्र हनुमान, हिरव्या वर्णाचा दशकंठ रावण आणि त्यांच्यामधून डोकावणारे अगदी साधे लोक, म्हणजे भात कांडणाऱ्या बायका, जुगार खेळणारे सैनिक, मुलाला कडेवर घेतलेली कोणी आई, अशी ती चित्रे आहेत. देवादिकांच्या कथेत आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना जागा देण्याची ही थाई चित्रकारांची रीत मला फार आवडली. राजवाड्याच्या मुख्य इमारती आम्ही धावत पाहिल्या. १८८२ साली पूर्ण झालेल्या चक्री महाप्रासादाचे खालचे अंग एका इंग्रज वास्तुविशारदाच्या हातचे युरोपीय धाटणीचे आणि वरचे छप्पर निखळ थाई आहे, एवढे येथे नमूद करून पुढे जातो.

राजवाड्याच्या उत्तरेस सनाम लुआंग हे विस्तीर्ण मैदान, आणि त्याच्या पश्चिमेस राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय. पूर्वी हा उपराजाचा वाडा होता. पाचवा राजा चुलालोंगकोर्न याने १८७४ साली दरबारातील दुर्मिळ वस्तू लोकांना पाहावयास खुल्या केल्या, त्या उपक्रमातून ही संस्था वाढली. बहुतेक प्रवासी राजवाड्यातून थेट नदीकडे वळतात, त्यामुळे येथे शांतता असते. आम्ही ज्याच्यासाठी आलो होतो तो जावा बेटातील शिल्पांच्या दालनात बसलेला आहे. १८९६ साली चुलालोंगकोर्न राजा जावाला गेला असता डच सरकारने त्यास ज्या प्राचीन मूर्ती नजराण्यादाखल दिल्या, त्यांत पूर्व जावातील सिंघसारी येथील हा गणपती होता. ज्वालामुखीच्या दगडात कोरलेली, तेराव्या शतकाच्या अखेरची ही मूर्ती आहे. चार हात, प्रचंड उदर, अंगावर नक्षीचे भरगच्च अलंकार. आणि पाहता पाहता ध्यानी येते की, बैठकीवर ओळीने मांडलेली जी पदके आपण समजत होतो, त्या कवट्या आहेत, आणि आभूषणांतही त्याच कवट्या पुन्हा डोकावतात. पुतण्या बराच वेळ समोर उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “काका, हा बाप्पा प्रसाद वाटणारा नाही, हा स्मशानात राखण करणारा आहे.”

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. सिंघसारीच्या राजांच्या काळी तांत्रिक उपासना प्रबळ होती आणि तेथील गणपती हा विघ्नांना धाक घालणारा, उग्र सामर्थ्याचा देव होता. आपल्याकडच्या गाणपत्य परंपरेतही गणेशाची उग्र रूपे सांगितली आहेतच. पण घरोघर दीड दिवस, पाच दिवस, दहा दिवस पाहुणा येणाऱ्या देवाला त्या रूपात कोण आणील? म्हणून आमच्या कारखान्यांतून ती रूपे कधी घडली नाहीत. मला त्या मूर्तीत सर्वांत अधिक विलक्षण वाटले ते तिचे डोळे. दगडात कोरलेले, रंगाचा स्पर्श नसलेले ते डोळे असूनही नजर आरपार जाते. पेणच्या मूर्तीची ख्याती तिच्या डोळ्यांत आहे, असे सारे जाणकार सांगतात. बारीक कुंचल्याने बुबुळ, त्याभोवतीची छटा आणि पापणीची रेषा हात न थरथरता उमटविणारा कारागीर कारखान्याचा खरा धनी मानला जातो. रंगावाचून, केवळ पापणीच्या कडेची खोली कमी-अधिक करून ती सजीवता साधलेली पाहिली, तेव्हा पुतण्याने खिशातून वही काढली आणि दालनातल्या रखवालदाराची परवानगी घेऊन पेन्सिलीने त्या पापणीचे रेखाटन करून घेतले. या एका मूर्तीपाशी आमचा पाऊण तास गेला, आणि तो सत्कारणी लागला.

राजवाड्याच्या समोरच शिल्पाकोर्न विद्यापीठाची जुनी वास्तू आहे. तिच्या मुद्रेवर गणपती आहे. ललितकला खात्याच्या मुद्रेवरही तोच आहे, कारण फ्रा फिकानेत या नावाने थाई लोक त्यास कलांचा अधिष्ठाता मानतात, आणि नर्तक, नट, चित्रकार, शिल्पी यांची त्याच्यावर विशेष श्रद्धा. या विद्यापीठाचा संस्थापक मात्र थाई नव्हता. कोर्रादो फेरोची नावाचा, १८९२ साली फ्लॉरेन्समध्ये जन्मलेला हा इटालियन शिल्पकार १९२३ साली सयामच्या सरकारी नोकरीत आला, धातूच्या ओतीव पुतळ्यांची विद्या त्याने येथल्या मुलांना शिकविली, त्या मुलांसाठी १९३३ साली शाळा उघडली गेली आणि १९४३ साली त्या शाळेचे विद्यापीठ झाले. महायुद्धात इटलीने शरणागती पत्करल्यावर जपान्यांच्या हाती पडू नये म्हणून त्यास थाई नागरिकत्व आणि शिल्पा भीरासी हे थाई नाव देण्यात आले. १९६२ साली तो येथेच वारला, आणि १५ सप्टेंबर हा त्याचा जन्मदिवस आजही विद्यार्थी निष्ठेने पाळतात. लोकशाही स्मारकावरील शिल्पपट त्याच्याच देखरेखीखाली घडले.

विद्यापीठाच्या अंगणात ओल्या मातीत हात घालून बसलेल्या मुलामुलींना पाहताना माझे मन साहजिकच जोह्याकडे धावले. आमच्याकडील मुले कारखान्यातच, थोरांच्या मांडीशेजारी बसून शिकतात, आणि त्या शिक्षणाची बरोबरी दुसरे कोणतेही शिक्षण करू शकणार नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. तथापि शरीररचना, धातूचे ओतकाम, प्राचीन शिल्पांचा अभ्यास, मातीचे व रंगाचे रसायन, हे कारखान्यात कोण शिकविणार? २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध नियम काढल्यापासून हमरापूर-जोहे भागातील कारखानदार शाडू, कागदाचा लगदा आणि अन्य पर्याय स्वतःच्या खर्चाने अजमावीत आहेत. एखादी तऱ्हा तडकते, एखादी वाळत नाही, एखादी वाहतुकीत फुटते. जेथे इतकी माणसे एका कलेवर उदरनिर्वाह करतात, तेथे त्या कलेची प्रयोगशाळा आणि विद्यालय असणे ही चैन नसून निकड आहे. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय १८५७ पासून चालू आहे आणि ते आमच्यापासून काही फार दूर नाही. परंतु तेथील विद्या आणि येथील हात यांची गाठ घालून देणारा कोणी शिल्पा भीरासी आमच्या वाट्याला अद्याप आला नाही, ही माझी खंत मी येथे उघडपणे लिहून ठेवतो.

दुपारचा भर होता. वात फो येथे ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच असा निद्रिस्त, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या मुद्रेतील बुद्ध आहे. १८३२ साली तिसऱ्या राजाने तो करविला. दर्शनाला आलेले लोक त्याच्या सुवर्णकांतीकडे पाहत राहतात. आम्ही मात्र त्याच्या पोटात काय आहे त्याचा विचार करीत होतो, कारण हे धूड आतून विटांचे आहे, वरून चुन्याच्या गिलाव्याने त्यास आकार दिला आहे आणि त्यावर सोन्याचा वर्ख चढविला आहे. म्हणजे जो हात गिलावा करतो त्याच जातीच्या हाताने देवाचे ओठ घडविले. त्याच्या तळव्यांवर शिंपल्याचे चमकदार तुकडे जडवून १०८ शुभचिन्हे काढली आहेत. प्रत्येक चिन्ह आपल्या चौकटीत, आणि प्रत्येक चौकटीची कड केसासारखी बारीक. मागील बाजूच्या ओवरीत १०८ पितळी पात्रे ओळीने ठेवलेली असून भाविक त्यांत एकेक नाणे टाकीत जातात, तो किणकिणाट देवळात अखंड चालू असतो. नावेतून नदी ओलांडून पलीकडचे वात अरुण पाहिले, चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढविलेला त्याचा शिखरासारखा मनोरा उन्हात झळकताना पाहिला, आणि लगोलग परतलो.

कारण पुढे बामरुंग मुआंग होता. जुन्या शहराच्या मध्यातून जाणाऱ्या या रस्त्याच्या दोन्ही बाजूंस धार्मिक वस्तूंची दुकाने आहेत, आणि पदपथावर माणसाहून उंच बुद्धमूर्ती, पिवळ्या-पांढऱ्या प्लास्टिकच्या कागदांत गुंडाळलेल्या, खांद्याला खांदा लावून गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेल्या असतात. आषाढात आमच्या गावातून जाणाऱ्याला हेच दृश्य दिसते. केवळ दैवत निराळे. भिक्षूंना दान द्यावयाच्या वस्तू भरलेल्या पिवळ्या बादल्या, छत्रे, समया, काषाय वस्त्रांचे गठ्ठे यांनी दुकाने भरलेली. एका दुकानाच्या मागल्या अंगाला पंख्याचा वारा बंद करून एक वयस्क बाई मूर्तीला वर्ख चढवीत होती. काळ्या राळेचा हात दिलेला, अर्धवट चिकट असा तो पृष्ठभाग. तिने कागदाच्या घडीतून सोन्याचे पान सोडले, ते आपोआप अंगावर बसले, आणि मग मऊ कुंचल्याने तिने ते अशा बेताने दाबले की दोन पानांचा सांधा कोठे आहे ते कळेना. राळ पुरती वाळली तर पान धरत नाही, ओली राहिली तर पानाची झळाळी जाते. तेव्हा कोणत्या घटकेस हात घालावा, हे बोटाच्या टोकाने ओळखावे लागते, असे तिने खुणेने सांगितले. आपण वॉर्निशावर सोनेरी भुकटी टाकतो त्या वेळचे गणित तेच आहे, असे पुतण्याने मोबाइलमधील कारखान्याची छायाचित्रे दाखवून तिला सांगितले. ती छायाचित्रे ती एकेक करून, मोठी करून पाहत राहिली. एका मूर्तीच्या डोळ्यांवर बोट ठेवून तिने पुतण्याकडे पाहिले, आणि त्याने मान डोलावल्यावर तिने दोन्ही हात जोडले. भाषेवाचून झालेला तो संवाद मला त्या दिवसातील सर्वांत मोलाचा वाटतो.

त्याच रस्त्याच्या तोंडाशी सागाच्या दोन प्रचंड लाल खांबांचा महाझोपाळा आहे. शिवाच्या सन्मानार्थ ब्राह्मण त्यावर उंच झोके घेत, तो विधी १९३५ पासून बंद झाला. जवळच देवस्थान नावाचे १७८४ सालचे ब्राह्मणी मंदिर आहे, शिव, गणपती आणि विष्णू अशा तीन देवळांचे. राज्याभिषेकासारखे दरबारी विधी येथील ब्राह्मण अद्यापि करतात. आम्ही पोचलो तेव्हा दर्शनाची वेळ संपली होती. पांढऱ्या भिंतींची ती साधी वास्तू बाहेरून पाहून नमस्कार केला.

संध्याकाळी आकाशरेल्वेने राचाप्रसोंगच्या चौकात आलो. येथे १९५६ साली स्थापलेली चतुर्मुख ब्रह्मदेवाची सुवर्णवर्खी मूर्ती आहे. २००६ साली एका माथेफिरूने ती फोडली, तेव्हा दोन महिन्यांच्या आत नवी मूर्ती घडविण्यात आली आणि तिच्या घडणीत जुन्या मूर्तीचे तुकडे मिसळण्यात आले, ही गोष्ट मला कारागिराच्या दृष्टीने फार उचित वाटते. चौकापासून थोड्या अंतरावर एका मोठ्या बाजारसंकुलाच्या पुढे गणपतीचे देवालय आहे. कचेऱ्या सुटल्या होत्या. झेंडूच्या माळा, केळी, ऊस, शहाळी, गुलाबी दूध असा नैवेद्य घेऊन तरुण मंडळी रांगेत उभी होती, आणि दर्शन झाल्यावर जो तो मूषकाच्या एका कानावर हात ठेवून दुसऱ्या कानात आपले मागणे सांगत होता. एक कान झाकला नाही तर मागणे दुसरीकडून निसटून जाते, अशी समजूत आहे. आपल्याकडे नंदीच्या कानात सांगण्याची चाल आहे, तिचीच ही बहीण. आम्हीही रांगेत उभे राहिलो.

पेण-रोह्याकडचे कोणी तेथे जाणार असतील तर त्यांनी बुधवार ते रविवार यांपैकी एखादा वार धरावा, कारण वस्तुसंग्रहालय सोमवारी आणि मंगळवारी बंद असते. राजवाड्याला सर्वांआधी जावे, पाण्याची बाटली आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा जवळ बाळगावा. वेळ कमी पडलाच तर वात अरुणची नाव सोडावी, राजवाड्यातील महालही सोडावेत. परंतु सिंघसारीचा गणपती आणि बामरुंग मुआंगच्या मागल्या अंगणातले काम पाहिल्यावाचून परतू नये, आणि मूर्तिकार असाल तर मोबाइलमध्ये आपल्या कारखान्याची चार छायाचित्रे अवश्य ठेवावीत.